यादीत सगळ्यात वर

उपेंद्र माणूस सरळ. सत्तावीस वर्षं सरकारी कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करून करून त्याला एक सवय जडली होती. सही करण्याआधी यादी वाचायची, एकेका मुद्द्यावर पेन्सिलीने खूण करायची, आणि मग तीच यादी खालून वर पुन्हा वाचायची. कारखान्यात कुणाचा भाग सदोष निघाला तर लोक म्हणत, "उपेंद्र सरांच्या हातून गेला होता का? मग दुसरीकडे शोधा." अशा माणसाच्या हातून चूक व्हावी तीही नेमकी यादीतच, याला कर्म नाही तर काय म्हणायचं?

तो मूळचा मिरजेचा. नोकरीपायी बंगळुरात आला, जे. पी. नगरात घर केलं आणि इथलाच झाला. बायको प्रेमा चामराजपेटेतली. तिच्या माहेरच्यांना या गावात इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या मराठीतून कानडी वेगळी काढायची म्हणजे खिचडीतून डाळ वेचण्यातला प्रकार. दोघांना एकच मुलगी, वल्लरी. आणि वल्लरीला एकच वेड, रेशमाच्या अळ्या.

हे वेड सातवीतलं. शाळेची सहल रामनगरच्या कोशबाजारात गेली होती. बाकीच्या मुली नाक दाबून बाहेर उभ्या राहिल्या आणि ही आत रमली. येताना एका शेतकऱ्याकडून कागदावर चिकटलेली खसखशीएवढी अंडी मागून घेऊन आली. चपलांच्या खोक्यात ती उबवली. कॉलनीच्या बागेत कुंपणाला लागून तुतीचं एक झाड होतं, त्याचा पाला आणून घातला. बोटभर अळ्या झाल्या, त्यांनी कोश विणले, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. अळी चार वेळा झोपते, चार वेळा कात टाकते, मग पाचव्या अवस्थेत अधाशासारखी खाते, हे उपेंद्रला स्वतःच्या पगाराच्या तारखेसारखं पाठ झालं. जेवताना तर ऊतच यायचा. शेवटी प्रेमाने नियमच केला, "ताटावर बसल्यावर अळ्यांचं नाव काढायचं नाही. भात गिळवत नाही मला." वल्लरी गप्प बसायची. दोन घास झाले की म्हणायची, "आई, अळी म्हणत नाही, पण ती आता झोपली आहे."

उपेंद्र कारखान्यात कौतुकाने सांगायचा, "लोक किडे मारायला औषध आणतात, आमची पाळते." पण दहावीच्या वर्षी तिला टायफॉइड झाला तेव्हा रोज सकाळी सहाला बागेत जाऊन पाला कोण तोडत होतं? हाच. एकेक पान रुमालाने पुसायचा, कारण ओल्या पानाने अळ्या आजारी पडतात असं तिने तापात पडल्या पडल्या बजावून ठेवलं होतं. शेजारचे विचारत, "काय सर, तुतीचा काढा का?" हा म्हणायचा, "हो, हो." खरं सांगायला लाज वाटायची. लाज त्याला तेव्हाही वाटत होती, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

पीयूसी, म्हणजे इथली बारावी, संपली, सीईटी झाली, क्रमांक आला. क्रमांक चांगला होता. आता यादी भरायची होती.

ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रमांक लागला की मुलाने संगणकावर आपली पसंती भरायची. इंजिनिअरिंग असो, शेती असो, रेशीम असो, सगळं एकाच यादीत, आवडीच्या क्रमाने. यंत्र ती यादी वरून खाली वाचत येतं. जे पहिलं मिळण्यासारखं असेल ते देतं आणि त्याच्या खालचं सगळं पुसून टाकतं. 'तुला खरंच हेच हवं होतं ना?' असं काही ते विचारत बसत नाही. यंत्राला काय, तुम्ही जे वर लिहिलं तेच तुमचं मन.

रविवारी सकाळी तिघं संगणकापुढे बसली.

"पहिलं चिंतामणी गावचं कॉलेज," वल्लरी म्हणाली. "रेशीमशास्त्र. चार वर्षं. हॉस्टेल आहे, तुतीचे मळे आहेत, सगळं आहे."

"अय्यो, हॉस्टेलात राहून अळ्यांची चाकरी करणार?" प्रेमा म्हणाली. "चामराजपेटेत विचारतील, तुमची हुडगी काय शिकते, तर मी काय सांगू?"

"रेशीम शिकते म्हणून सांग."

"रेशीम आम्ही नेसतो, पुट्टी. त्यासाठी शिकावं लागत नाही."

पण प्रेमाच्या बोलण्यात जोर नव्हता. आधी पंधरा दिवस भांडून झालं होतं आणि त्यात ती हरली होती. आता ती फक्त हरलेल्या माणसासारखी कुरकुरत होती. उपेंद्रने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "वल्लरी, एक करशील? सगळ्यात वर एकच नाव कॉम्प्युटर सायन्सचं टाक. कनकपुरा रस्त्यावरचं ते मोठं कॉलेज आहे ना, त्याचं. माझ्यासाठी. त्याच्या खाली मग सगळं तुझं."

वल्लरीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सरी, बाबा." आणि टाकलं.

आता आतली गोष्ट. ते कॉलेज तिला मिळणार नाही हे उपेंद्रला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्याने गेल्या तीन वर्षांचे आकडे काढून तपासलं होतं. तिचा क्रमांक आठशेने मागे होता. मग टाकायला का लावलं? तर मंजुनाथसाठी. मंजुनाथ कारखान्यात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा मुलगा कॉम्प्युटर सायन्सला होता आणि रोजच्या चहाबरोबर तो मुलगाही बशीतून यायचा. "तुमचं काय झालं, सार?" असं तो विचारणारच होता. त्या वेळी उपेंद्रला एक वाक्य हवं होतं. 'भरलं होतं हो, थोडक्यात हुकलं.' बस्स, एवढंच. मुलीला तिचं रेशीम मिळेल, आपल्याला आपलं वाक्य मिळेल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. स्वतःच्या या हुशारीवर तो दोन दिवस खूश होता.

खरी यादी लागण्याआधी सरकार एक लुटुपुटीची यादी लावतं, अंदाज यावा म्हणून. ती लागली. वल्लरीला चिंतामणी मिळालं. ती खुर्चीवरून उठून घरभर नाचली. प्रेमाच्या गळ्यात पडली, आणि प्रेमाही "बिडू, बिडू, सोड गं," म्हणता म्हणता हसली. उपेंद्रला इतकं बरं वाटलं की तो न्हाणीघरात जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने आरशात बघून हसून आला. बाहेर येताना मात्र त्याने चेहरा गंभीर केला. आपण एक नाव वर टाकायला लावलं होतं, ते गेलं, तर बापाला जरा वाईट वाटलेलं दिसायला नको का? तो म्हणाला, "हं. वरचं गेलं म्हणायचं. चालायचंच." आणि त्याने एक सुस्कारा सोडला.

तो सुस्कारा खोटा होता. आयुष्यात उपेंद्रने फार खोटेपणा केला नव्हता, त्यामुळे जो केला तो बेमालूम वठला.

वल्लरी नाचायची थांबली. संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, यादी उद्यापर्यंत बदलता येते. वरचं नाव काढू, का राहू दे?"

"राहू दे की," तो म्हणाला. "त्याने बिघडतंय काय?"

बिघडायचं ते आठ दिवसांनी बिघडलं. मधल्या काळात त्या कॉलेजला कॉम्प्युटर सायन्सच्या आणखी तुकड्या मिळाल्या होत्या. या गावात तसं दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. बसथांबे वाढत नाहीत, पण या तुकड्या वाढतात. उपेंद्रने तीन वर्षांचे आकडे तपासले होते, चौथ्या वर्षाचा आकडा त्याच्यापाशी कुठून असणार? सकाळी अकराला कारखान्यात फोन आला.

"बाबा, लागलं."

"चिंतामणी?"

"नाही," वल्लरी म्हणाली. "तुमचं."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. शेजारून मंजुनाथने ऐकलं, त्याने उठून हात हातात घेतला, "कंग्रॅट्स, सार! एवढे दिवस बोलला नाहीत, छुपे रुस्तम!" तासाभरात सगळ्या विभागाला कळलं. कुणीतरी म्हैसूरपाक मागवला. उपेंद्र 'तसं नाही हो' म्हणायला तोंड उघडायचा आणि त्यात कुणीतरी म्हैसूरपाकाचा तुकडा घालायचा. आणि खरं सांगायचं तर, दुपारपर्यंत त्याला ते आवडायला लागलं होतं. सत्तावीस वर्षं ज्या टेबलापाशी कुणी फारसं थांबलं नाही तिथे लोक थांबत होते. त्याने स्वतःशी म्हटलं, असेल, यातच तिचं भलं असेल.

घरी आला तर चामराजपेटेतून फोनवर फोन चालू. प्रेमा एकीला सांगून झालं की दुसरीला सांगत होती. वल्लरी त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

"खूश ना, बाबा?"

आत्ता बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं, 'अगं, मला वाटलं हे लागणारच नाही.' पण ते बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं. मग टाकायला का लावलंत? सुस्कारा का सोडलात? आणि मी विचारायला आले तेव्हा काढ का म्हणाला नाहीत? त्याचं उत्तर होतं मंजुनाथचा चहा. पोटच्या पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"खूप," तो म्हणाला.

जागा घ्यायची की सोडायची हे ठरवायला तीन दिवस होते. पण वरचं मिळाल्यामुळे खालचं पुसलं गेलं होतं. सोडली तर चिंतामणी परत येणार नव्हतं, वर्ष वाया जाणार होतं. तीन दिवस उपेंद्र बोलायला म्हणून तिच्या खोलीत गेला आणि चार्जर शोधून परत आला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं त्याने स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी वल्लरीने जागा घेतली. काही तक्रार नाही, रडणं नाही. घरात तिच्या अळ्या होत्या, त्यांचे कोश होऊन पतंग निघाले आणि आपल्या वेळेला मेले. त्यानंतर तिने नवी अंडी आणली नाहीत. चपलांची खोकी रद्दीवाल्याला दिली.

कॉलेज सुरू झालं. ती सकाळी सातची बस पकडायची, संध्याकाळी यायची, अभ्यास करायची. पहिल्या चाचणीत मार्कही चांगले पडले. बाहेरून बघणाऱ्याला या घरात काही खुपतंय असं वाटलं नसतं. प्रेमालाही वाटत नव्हतं. खुपत होतं ते उपेंद्रला, आणि तेही जेवणाच्या टेबलावर.

आता जेवताना कुणी अळ्यांचं नाव काढत नव्हतं. तिघं जेवायची. भाकरी दे, सार वाढ, उद्या पाणी येणार नाही म्हणे. एवढंच. सहा वर्षं जी बडबड ऐकून त्याचे कान किटले होते, तिच्यासाठी आता त्याचा जीव तळमळायला लागला. तिने एकदा म्हणावं, 'आई, अळी म्हणत नाही, पण…' आणि प्रेमाने डाव उगारावा, एवढंच त्याला हवं होतं. ते मागता येत नव्हतं. दुकानात मिळत असतं तर त्याने लगेच जाऊन आणलं असतं.

मग त्याने स्वतःच सुरुवात करून पाहिली. मोबाइलवर काहीबाही वाचून यायचा आणि जेवताना म्हणायचा, "वल्लरी, एका कोशात म्हणे किलोमीटरभर धागा असतो?"

"हो," ती म्हणायची. "आई, ताक आहे?"

"आणि तो म्हणे अखंड असतो. मध्ये कुठे तुटत नाही."

"हो, बाबा."

"स्वल्प गप्प बसून जेवा आता," प्रेमा म्हणायची. "लेकीने सोडलं तर तुम्ही धरलं का ते?"

वल्लरी रागावून, तोडून बोलली असती तर त्याला धीर आला असता. पण ती त्याच्याशी गोड वागत होती. त्याला बरं वाटावं म्हणून कॉलेजातल्या गोष्टी सांगायची, आज हा प्रोग्राम चालला, उद्या अमुक कंपनीचे लोक येणार आहेत. त्याच्या आनंदाची ती काळजी घेत होती. आणि तो आनंद त्याच्यापाशी नव्हताच.

नोव्हेंबरात हेब्बाळपलीकडे कृषी विद्यापीठात कृषिमेळा भरतो. चार दिवस अर्धं बंगळूर तिथे लोटतं. नोकरदार लोक मुलाबाळांना घेऊन गायी दाखवायला जातात, बियाणं घेतात, नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, खातात आणि आपणही गावाकडे जमीन घ्यावी असं तीनचार तास मनात घोळवून परत येतात. उपेंद्र कधी गेला नव्हता. यंदा त्याने रविवारी वल्लरीला म्हटलं, "चल, मेळ्याला जाऊ. तुझ्या आईला अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा हव्या आहेत."

"शेंगा इथे खालीसुद्धा मिळतात की," प्रेमा आतून म्हणाली.

"तिथल्या ताज्या असतात," उपेंद्र म्हणाला आणि तिने आणखी काही बोलायच्या आत चपला घातल्या.

वल्लरी आली. वाटेत गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने मुद्दामच नेलंय हे तिला कळलं असणार. मेळ्यात दोघं शेंगांच्या दुकानांपुढून, ट्रॅक्टरांपुढून, उंच उंच उसाच्या कमानीखालून फिरली. गर्दीत तो तिच्या अर्धं पाऊल पुढे चालत होता. रेशमाचा मांडव कुठे आहे ते त्याने नकाशात पाहून ठेवलं होतं. सहज तिथे आल्यासारखं त्याने केलं.

मांडवात लांब टेबलांवर बांबूची ताटं होती आणि ताटांत पाचव्या अवस्थेतल्या पांढऱ्याशुभ्र अळ्या पाला खात होत्या. माणसांच्या गलक्यातही कान दिला तर त्यांच्या खाण्याची करकर ऐकू येत होती. टेबलामागे हिरवा एप्रन घातलेली एक मुलगी लोकांना माहिती सांगत होती, पाठ केलेली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर धनलक्ष्मी असं नाव होतं. वल्लरी मागे, गर्दीच्या कडेला उभी राहिली. पुढे गेली नाही. उपेंद्रने वळून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासाने भुकेलं माणूस क्षणभर थांबतं, तशी ती उभी होती.

तेवढ्यात धनलक्ष्मीने बाजूच्या बादलीतून पाला उचलला. वर पाणी मारून ताजा ठेवलेला पाला, पानांवरून थेंब गळत होते. ती तो तसाच ताटात घालणार, तोच वल्लरी गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोचली आणि कानडीत म्हणाली, "ओला नको घालू. पोट बिघडतं त्यांचं." उत्तराची वाट न बघता तिने ओढणीच्या पदराने पानं पुसायला सुरुवात केली. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. पुसून झालं की अळ्यांवर अलगद ठेवायची. एक अळी डोकं वर करून नुसती थांबली होती, तिला तिने पाला दिला नाही. बाजूच्या लहान मुलाला सांगितलं, "ही आता खाणार नाही. हिला घर बांधायचंय." मुलाने विचारलं, "कसं कळलं?" तर ती दहा मिनिटं सांगत राहिली. उपेंद्र हातात शेंगांची पिशवी घेऊन उभा होता. तीन महिन्यांनी तो तिला असं बोलताना ऐकत होता.

"तुम्ही कितव्या वर्षाला, अक्का?" धनलक्ष्मीने विचारलं. "मी पहिल्या. आम्हाला अजून हे कुणी नीट शिकवलंच नाही."

"मी इथली नाही," वल्लरी म्हणाली. "मी कॉम्प्युटर सायन्सला आहे. पहिल्याच वर्षाला."

"अय्यो, नशीबवान आहात!" धनलक्ष्मी मनापासून म्हणाली. "मी वरची वीस नावं तीच भरली होती. एकही लागलं नाही. हे यादीत सगळ्यात खाली होतं, बघा. घरी अजून बाबा बोलत नाहीत माझ्याशी."

वल्लरी हसली. हातातलं शेवटचं पान तिने पुसून ठेवलं, ओढणी झटकली आणि बाहेर आली.

दोघं एका झाडाखाली नाचणीच्या मुद्द्यांची ताटं घेऊन बसली. वल्लरी मुकाट्याने जेवायला लागली. उपेंद्रने आपलं ताट बाजूला सरकवलं.

"वल्लरी, ते वरचं नाव," तो म्हणाला. "ते लागणार नाही हे मला माहीत होतं."

तिचा हात थांबला.

"मी आकडे काढले होते. आठशेने मागे होतीस. तुला रेशीमच मिळणार होतं आणि मला तेच हवं होतं. खोटं नाही सांगत. पहिल्या यादीत तुझं नाव लागलं तेव्हा मी आत जाऊन हसत होतो."

"मग टाकायला का सांगितलंत?"

"ऑफिसात सांगायला. भरलं होतं पण हुकलं, असं सांगता यावं म्हणून." हे बोलताना त्याला मान वर करता आली नाही. "नुसतं अळ्या म्हणायची लाज वाटत होती मला. बाकी काही नाही."

वल्लरीने हातातला घास परत ताटात ठेवला. मेळ्याच्या कर्ण्यावरून कुणाची तरी हरवलेली पिशवी सापडल्याचं सांगत होते.

"मीही आकडे काढले होते," ती शेवटी म्हणाली. "मलाही वाटलं, लागणार नाहीच, तर बाबांचं मन मोडायचं कशाला. मग तुम्ही तो सुस्कारा सोडलात. मला वाटलं, तुम्हाला ते फार हवंय. म्हणून विचारायला आले, काढू का. तुम्ही राहू दे म्हणालात."

"हो."

"रोज सकाळी बसमध्ये बसले की मला रडू यायचं. मग मी स्वतःला सांगायचे, घरात निदान एक माणूस तरी खूश आहे. त्याच्यासाठी चार वर्षं निघतील. खरंच निघाली असती, बाबा." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आता मी उद्या कुणासाठी जाऊ?"

उपेंद्रला वाटलं होतं की खरं सांगितलं की दोघांचंही ओझं उतरेल. उतरलं ते त्याचं एकट्याचं. तिच्या हाताखालची एकुलती एक काठी त्याने आत्ता, भर गर्दीत, मुद्द्याच्या ताटावर बसून काढून घेतली होती.

"नको जाऊस," तो म्हणाला. "सोड ते कॉलेज. पुन्हा परीक्षा दे. आईला मी सांगतो. मंजुनाथला, चामराजपेटेत, सगळ्यांना मी सांगतो. माझी मुलगी रेशीमशास्त्र शिकणार म्हणून सांगतो."

"अर्ज जानेवारीत निघतात," ती म्हणाली. "परीक्षा एप्रिलमध्ये."

तारखा तिला पाठ होत्या. म्हणजे तिने कधीच बघून ठेवल्या होत्या आणि त्याच्यापाशी विषय काढला नव्हता.

"देशील ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. देईन म्हणाली. मुद्द्याचा एक घास मोडला, सारात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"पण यंदा मिळालं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडायला लागली. लोक येता-जाता बघत होते. उपेंद्र तिच्या शेजारी सरकून बसला आणि तिला आवर म्हणाला नाही.